बाळ बघेल

आजोबांनी अशी काही खोटी शिंक दिली की मागचा निळा पडदासुद्धा हलला. स्टुलावर बसवलेली नात मात्र हलली नाही. ती कोपऱ्यातल्या टेबलफॅनकडे बघत होती.

“आणखी एक द्या,” दारातून आजी म्हणाली.

त्यांनी आणखी एक दिली आणि या वेळी शिंकेबरोबर डोक्यावरची टोपीही उडवली. टोपी हे त्यांचं हुकमाचं पान. रडकी, झोपाळलेली, दात येताना किरकिरणारी, कसलीही बाळं असोत, टोपी उडाली की चकित होऊन समोर बघायची आणि तेवढ्यात आजोबांचं बोट बटणावर पडायचं. त्या जोरावरच त्यांनी दुकानाच्या काचेवर स्वतःच्या हाताने रंगवून ठेवलं होतं, ‘बाळ बघेल, आमची हमी.’ फोटोवाले आता पैशाला पासरी झाले होते, पण तान्ह्या मुलांचा फोटो म्हटलं की लोक इथेच येत. आणि ही गोष्ट आजोबा कोणाला विसरू देत नसत.

“भाव देत नाहीये तुम्हाला,” लाइटची छत्री धरून उभा असलेला त्यांचा मुलगा, नातीचा बाप, हसून म्हणाला. “घरचं गिऱ्हाईक आहे. हमी लागू नाही.”

“गप रे. तो फॅन बंद कर आधी.”

फॅन बंद झाला. पाती थांबेपर्यंत ढब्बू बघत राहिली आणि थांबल्यावरही बघत राहिली. ढब्बू हे आजोबांनी ठेवलेलं नाव. आजीची ती सोनुली, बापाची साहेब. दाखल्यावर एक चांगलंसं नाव होतं, पण ते फक्त दाखल्यावर. आजोबांनी ढब्बू म्हणून हाक मारली, आजीने सोनुली म्हणून, बापाने चुटकी वाजवून “साहेब, इकडे” म्हटलं. रबरी बदक वाजलं, किल्ल्यांचा जुडगा वाजला.

“इतक्या नावांनी बोलावल्यावर ती बिचारी कोणत्या नावाला ओ देणार?” आजी म्हणाली आणि सगळे हसले. सूनही हसली, पण जरा मागाहून.

आजोबा आता इरेला पेटले. पलीकडच्या भिंतीवर घरातल्या प्रत्येकाचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो होता. वडिलांनी काढलेला आजोबांचा, मग धाकट्या भावंडांचे, मग मुलाचा. सगळे याच लाकडी स्टुलावर बसलेले आणि सगळे थेट समोर बघणारे. भिंतीपुढे उभं राहिलं की अख्खं खानदान आपली चौकशी करतंय असं वाटे. शेवटची चौकट रिकामी होती, आणि ती आज भरायची होती. त्यांनी खेळण्यांच्या टोपलीत हात घालून एक लाल भिरभिरं काढलं, लेन्सच्या अगदी वर धरलं आणि फुंकर मारली.

ढब्बूने बघितलं. मान वर झाली, डोळे मोठे झाले, ओठ किंचित उघडले.

“झालं की नाही?” टोपी उचलत आजोबा म्हणाले. “बाळ बघेल म्हणजे बघेल!”

दुकानामागच्या खोलीत सून टचिंगचं काम करायची. बाळाच्या गालावरचा ओरखडा काढायचा, हनुवटीवरची लाळ पुसायची, कपाळावरचा डाग घालवायचा. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने इतक्या बाळांचे डोळे कॉम्प्युटरवर पडदाभर मोठे केले होते की पोरं रस्त्यात भेटली तर आधी डोळ्यांवरून ओळख पटायची, मग बरोबरच्या आयांवरून. डोळे मोठे केले की ती बाळं आपल्याकडेच बघतात असं वाटून ती एकटीच हसायची.

ढब्बूचे डोळे मोठे केल्यावर तिला हसू आलं नाही. नजर समोर नव्हती. बोटभर वर होती, तिथे, जिथे भिरभिरं फिरत होतं. दुसऱ्या कोणाच्या लक्षात येण्याइतकं ते नव्हतं. चार पावलांवरून फोटो पाहणाऱ्याला वाटलं असतं, पोर आपल्याकडे बघून हरखली आहे. तिने लाळ पुसली, ओरखडा काढला आणि डोळ्यांना हात लावला नाही.

फोटो भिंतीवर लागला. आजोबा येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवत आणि म्हणत, “हयातभरातला सगळ्यात चांगला.” खोटं नव्हतंच ते. उजेड, रंग, चेहरा, सगळं जिथल्या तिथे होतं.

लस द्यायच्या दिवशी आजीही बरोबर गेली. दवाखान्यातली नर्स वजन करता करता विचारत होती.

“हाक मारली की वळते?”

“वळते तर!” आजी म्हणाली.

“बोटाने दाखवते का? हे दे, ते बघ असं?”

“अहो, तिला मागावं लागतच नाही. मागायच्या आत आम्ही हजर करतो.”

“टाटा करते?”

आजीने ढब्बूचं मनगट धरलं आणि हात हलवला. “ही काय, करतेय की!”

नर्सला हसू आलं. बाहेर रांगेतली पोरं एका सुरात रडत होती, तिला घाई होती. तरी ढब्बूला परत देताना ती सुनेला म्हणाली, “पुढच्या वेळी आईने सांगायचं हं.”

पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं सुनेच्या मनात नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि भीतीहून जास्त लाज वाटत होती, की सगळं घर ज्या पोरीवरून जीव ओवाळून टाकतं तिच्यात आपण, सख्खी आई, खोट शोधत बसलोय. तिने दाराआडून हाक मारून पाहिली. खिडकीतलं मांजर दाखवून पाहिलं. तिने मांजराकडे बोट केलं की ढब्बू त्या बोटाकडेही बघत नसे. कडेवर घेतली की पोर खांद्यावर छान डोकं ठेवायची, अंग सैल सोडायची, आणि त्या उबेने सुनेला क्षणभर वाटायचं की आपणच वेडे आहोत.

नवऱ्याला तिने सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग चिडला.

“तू ना, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे डाग काढतेस, तर तुला घरातही डागच दिसायला लागले. फोटो बघ तिचा. हा काय न बघणाऱ्या पोरीचा चेहरा आहे?”

इथेच घोडं पेंड खात होतं. कोणीही काहीही म्हटलं की भिंतीवरचा फोटो साक्षीला हजर.

मग एका दुपारी कुरळ्या केसांचं एक बाळ आलं, ढब्बूच्याच वयाचं. सून छापलेले फोटो घेऊन बाहेर आली होती, ती दारातच थांबली. आजोबांनी शिंक दिली, टोपी उडाली. बाळ दचकलं. मग ते गर्रकन वळलं, आईकडे, तू पाहिलंस का अशा चेहऱ्याने. आई हसली तसं ते हसलं. मग खाली पडलेल्या टोपीकडे त्याने बोट केलं, पुन्हा आईकडे बघितलं, आणि मग कुठे समोर. एका टोपीवरून त्याने आईला आणि आजोबांना एकाच गमतीत ओढून घेतलं होतं. आजोबांनी शेवटी बटण दाबलं. फोटोत फक्त ते शेवटचं बघणं यायचं. बाळ आईकडे वळलं, बोट दाखवत राहिलं, ते सगळं या दुकानात वाया गेलेला वेळ समजलं जाई. सुनेने एवढ्या बाळांचे डोळे पाहिले होते, पण हे मधलं तिच्यापर्यंत कधी आलंच नव्हतं.

गिऱ्हाईक गेल्यावर दुकान दुपारपुरतं बंद झालं. आजोबा काउंटरपाशी चहा पीत होते, आजी ढब्बूला मांडीवर घेऊन बसली होती, मुलगा वायरी गुंडाळत होता.

“बाबा, ढब्बूचा फोटो परत काढाल?”

“का? त्याला काय झालं?”

“भिरभिरं न घेता काढा.”

आजोबांचा कप तोंडाशी थांबला. “म्हणजे काय?”

“तिने तुमच्याकडे बघितलं नव्हतं. कॅमेऱ्याकडेही नाही. भिरभिऱ्याकडे बघितलं होतं. नजर बोटभर वर आहे, मी मोठी करून पाहिलीय.”

“अगं, पुन्हा तेच?” मुलगा म्हणाला.

“हातच्या काकणाला आरसा कशाला?” आजोबांनी कप ठेवला. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कपाचा चढला. “फोटो समोर लागलाय. लोक थांबून थांबून बघतात.”

“तो फोटो तुमच्यामुळे आलाय बाबा, तिच्यामुळे नाही. तुमचा हातखंडाच असा आहे की न बघणाऱ्या बाळालाही तुम्ही बघायला लावता.” तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. “मग आम्हाला कळायचं कसं?”

ही स्तुती की अपमान, हे आजोबांना चटकन ठरवता आलं नाही. ते उठले, टोपी नीट बसवली आणि म्हणाले, “बसव तिला.”

लाइट लागले. ढब्बू स्टुलावर बसली आणि लगेच शेजारच्या छत्रीच्या स्टँडवरच्या, उंची बदलायच्या चाकाकडे वाकून बघू लागली. आजोबांनी डोळा कॅमेऱ्याला लावून सगळी विद्या पणाला लावली. शिंक झाली, टोपी झाली, बदक झालं, मांजर झालं, कुत्रा झाला, आजोबांचं गाढवही झालं, जे ते फक्त फारच अवघड गिऱ्हाइकासाठी राखून ठेवत. कोणी हसलं नाही. त्यांचा हात सवयीने टोपलीकडे गेला. भिरभिरं तिथे नव्हतं. ते सुनेने पाठीमागे धरलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मागितलं नाही.

मग ते कॅमेऱ्यामागून बाहेर आले. इतकी वर्षं त्यांनी बाळं पाहिली होती ती त्या छोट्या चौकोनातून, बटण दाबायची संधी शोधत. आता ते स्टुलासमोर जमिनीवर बसले, टोपी काढून.

“ढब्बू,” ते म्हणाले. साध्या आवाजात, घरात म्हणतात तसं. “ए ढब्बू.”

ढब्बूने चाक बोटाने फिरवलं. त्यांनी पुन्हा हाक मारली. चाक पुन्हा फिरलं.

“अहो, असतं एखाद्याचं उशिरा,” आजी घाईने म्हणाली. “हिचा बाप नाही का, तीन वर्षांचा होईपर्यंत तोंडातून शब्द काढला नव्हता.”

“आई,” मुलगा म्हणाला. वायर त्याच्या हातात अर्धी गुंडाळलेली होती. “मी बोलत नव्हतो, पण बोट दाखवून अख्खं घर नाचवायचो. तूच सांगतेस ते. प्रत्येक पाहुण्याला.”

आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी लेन्सला झाकण लावलं, लाइट बंद केले.

“दिव्याखाली अंधार,” ते स्वतःशीच म्हणाले. मग सुनेला म्हणाले, “उद्या दुकान बंद. डॉक्टर कोण चांगला, ते बघ. आपण सगळे जाऊ.”

मुलांच्या डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्या गालिच्यावर बसून ढब्बूशी बराच वेळ खेळल्या, म्हणजे खेळायला पाहत होत्या. त्यांनी कानांची तपासणी लिहून दिली आणि म्हणाल्या, ऐकू नीट येतंय ना, ते आधी बघू. मग आणखी तपासण्या होतील. स्वमग्नता असू शकेल, नसूही शकेल, एवढ्यात शिक्का मारायची घाई नको. पण शिक्का मिळेपर्यंत हातावर हात ठेवूनही बसायचं नाही. तिच्याशी खेळायचं कसं, ते शिकवणाऱ्या बाई आहेत, ते आजपासून सुरू करता येईल.

“लवकर आलात,” त्या म्हणाल्या. “पुष्कळ लोक मूल बोलत नाही म्हणून फार उशिरा येतात. कोणाच्या लक्षात आलं आधी?”

सुनेने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. आजी जमिनीकडे बघत होती, नवरा खिडकीकडे. तिला वाटलं, आता आपणच म्हणायला हवं, आणि ते चुगली केल्यासारखं वाटणार.

“आमच्या सूनबाईंच्या,” आजोबा म्हणाले. गिऱ्हाइकाला भिंत दाखवताना ते ताठ उभे राहत, तसे खुर्चीतच ताठ झाले होते. “डोळ्यांचं काम आहे तिचं. बोटभर फरक होता डॉक्टरीणबाई, बोटभर! मला दिसला नाही. माझ्या मुलाला दिसला नाही. तिने पकडला.”

सुनेला रडू आलं ते तिथे, सगळ्यांसमोर. नवऱ्याने तिच्या मुठीवर हात ठेवला.

परत आल्यावर आजोबांनी पातं घेतलं आणि दुकानाच्या काचेवरचा रंग खरवडायला बसले. आजी धावत बाहेर आली.

“अहो, सगळं काढता की काय?”

“सगळं कशाला? हमी तेवढी काढतो.”

काचेवर आता एवढंच उरलं होतं, ‘बाळ बघेल.’

शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की तिला ओढून आपल्याकडे वळवू नका. तिला जे आवडतं तिथे तुम्ही जा, तिच्या उंचीला या, आणि आवडती वस्तू आपल्या तोंडाजवळ धरा. आजोबांनी मान डोलावली. बाळाच्या उंचीला येणं हा तर त्यांचा पिढीजात धंदा. बाकीचे सगळे हे खेळ शिकत होते तेव्हा ते पाठच करून आल्यासारखे खेळत, आणि तसं बोलूनही दाखवत. रोज दुपारी दुकान बंद झालं की आजोबा आणि नात निळ्या पडद्यापुढे जमिनीवर बसत. मध्ये लाल भिरभिरं. फुंकर मारायची, भिरभिरं फिरायचं, ढब्बू हरखायची. थांबलं की पुन्हा फुंकर. भिरभिरं दर दिवशी थोडं थोडं त्यांच्या गालाकडे सरकत होतं.

सुरुवातीला काही झालं नाही. मग बरेच दिवसही काही झालं नाही. कानांची तपासणी चांगली निघाली, म्हणजे कान ठीक होते, आणि त्या दिवशी घरात कोणाला आनंद मानावा ते कळेना. आजोबांनी फक्त विचारलं, “मग ऐकतेय तर ती?” आणि दुपारी नेहमीप्रमाणे जमिनीवर जाऊन बसले. आजी मधूनच म्हणायची, “दमाल अहो.” ते म्हणायचे, “फुंकर मारायला काय दमायचं?” पण दमत होते.

त्या दुपारी सून पुढच्या गिऱ्हाइकासाठी कॅमेऱ्याची उंची बघत होती. कॅमेऱ्याचं बटण फक्त आजोबांनी दाबायचं, हा दुकानाचा नियम होता, तो मुलानेही कधी मोडला नव्हता. खाली दोघांचा खेळ चालला होता. भिरभिरं फिरलं, मंद झालं, थांबलं. आजोबांना खोकला आला आणि पुढची फुंकर राहून गेली.

ढब्बूने वाट पाहिली. भिरभिऱ्याला बोट लावलं. ते अर्धवट फिरून थांबलं. तिने ते पाहिलं, थोडं मागे पाहिलं, बाजूला पाहिलं. मग फुंकर येते कुठून, हे शोधत तिची नजर काडीवरून वर चढली, आजोबांच्या मिशांपाशी आली, तोंडावर थांबली. आणि तिथून आणखी वर गेली.

आजोबा खोकायचे थांबले. फुंकर मारायचंही ते विसरले.

सुनेचं बोट बटणावर पडलं ते तिलाही नंतरच कळलं.

फोटो कामाचा नव्हता. उजेड कमी, निम्मी चौकट आजोबांच्या टकलाने भरलेली, कडेला ढब्बूचा अर्धा चेहरा, तोही हललेला. गिऱ्हाइकाचा असा फोटो आला असता तर आजोबांनी तो कोणाच्या नजरेसही पडू दिला नसता. त्यांनी तो पडद्यावर पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

“टचिंग करू?” सुनेने विचारलं.

“हात लावायचा नाही,” ते म्हणाले.

ढब्बू अजून कोणत्याही नावाला दर वेळी वळत नाही. डॉक्टरीणबाई अजून तपासतायत, शिकवणाऱ्या बाई आठवड्याला येतात, आणि सून आता सगळ्या प्रश्नांची उत्तरं स्वतः देते. आजी तिच्या शेजारी बसून असते, मूग गिळून, आणि ते तिला मुळीच सोपं जात नाही. खानदानाच्या भिंतीवर सगळे अजून थेट समोर बघतात, शेवटची चौकट सोडून.

परवा एक गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. पावती होईपर्यंत ते भिंतीपुढे उभे राहिले, एकेक फोटो बघत शेवटपर्यंत गेले आणि थबकले.

“अहो फोटोवाले, हा फोटो हललाय की.”

“हललाय ना,” आजोबा म्हणाले. काउंटरमागून बाहेर येऊन त्यांनी चौकटीवरची उजेडाची तिरीप हाताने अडवली. “सूनबाईंनी काढलाय. पण पोरगी बघतेय कोणाकडे, ते बघा.”